द्राक्षबियांची क्रीम लावून पेशी तरुण होते का? (आमच्या ग्राहकांसाठी)

नमस्कार! नाशिकच्या आमच्या छोट्या युनिटमधून क्रीम नेणाऱ्या ताई-काकू हा प्रश्न हमखास विचारतात. उत्तर आहे, नाही होत. का ते सांगतो, कारण पैसे तुमच्या कष्टाचे आहेत.

पेशी एकाची दोन होते तेव्हा आधी वाढते, मग आतल्या ४६ क्रोमोसोमची (डीएनएच्या धाग्यांची) कॉपी काढते, कॉपी नीट उतरली का तपासते आणि मगच दुभंगते. लॅबमध्ये वाढवलेल्या पेशीला या सगळ्याला साधारण २४ तास लागतात, त्यात प्रत्यक्ष दुभंगणं तासाभराचंच, बाकीची सगळी तयारी.

आता थांबण्याचं बघा, इथेच गल्लत होते. काही पेशी नुसत्या झोपलेल्या असतात, निफाड-दिंडोरीच्या बागायतदारांना वेगळं सांगायला नको, द्राक्षाच्या काडीवरचा डोळा (कोंब) छाटणीपर्यंत गप्प असतो आणि नंतर फुटतो, तसंच कापलं-खरचटलं की या पेशी जाग्या होऊन जखम भरायला लागतात. उन्हाने डीएनए बिघडला तर पी५३ नावाचं प्रोटीन ब्रेक लावतं, दुरुस्ती झाली की पेशी पुढे जाते, बिघाड फारच असेल तर मरते किंवा कायमची थांबते.

हे कायमचं थांबणं म्हणजे पेशीचं म्हातारपण. १९६१ मध्ये हेफ्लिक आणि मूरहेड या शास्त्रज्ञांनी दाखवलं की माणसाची साधी पेशी लॅबमध्ये साधारण ५० वेळा विभागते आणि मग थांबते, कारण नंतर कळलं, दर वेळी क्रोमोसोमच्या टोकाचा टेलोमेर (टोकाला जपणारं टोपण) थोडा झिजतो. थांबलेली पेशी मरत नाही बरं का, जिवंतच असते आणि सूज वाढवणारी द्रव्यं सोडत राहते, त्याने आजूबाजूचं कोलॅजन (त्वचा घट्ट ठेवणारं प्रोटीन) तुटतं. पण हाच ब्रेक आपल्याला कॅन्सरपासूनही वाचवतो, म्हणून तो सोडवणारी क्रीम कुणी विकत असेल तर मला भीतीच वाटेल.

आमची क्रीम त्वचेतला ओलावा टिकवते, कोरडेपणा कमी करते, एवढंच. थिनिंगला (मणी विरळ करायला), काढणीला बागेत जाणाऱ्यांनी क्रीमच्या आधी स्कार्फ, पूर्ण बाह्या आणि सनस्क्रीन बघा, सनस्क्रीन आमच्याकडे नाही, मेडिकलमधून घ्या. आणि जखम आठवडे झाले तरी भरत नसेल किंवा तीळ आकार-रंग बदलत असेल तर आमच्याकडे येऊ नका, सरळ त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.