पाटील, पण मूळचे कोण? कोल्हापूरकडच्या आडनावांची पार्श्वभूमी

कोल्हापूर भागात सोयरीक जुळवताना मुलाचं आडनाव ‘पाटील’ एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘मूळचे कोण?’ मग चव्हाण, माने, जाधव असं काहीतरी उत्तर येतं, पाठोपाठ देवक, म्हणजे कुळाचं पूज्य चिन्ह, विचारलं जातं आणि मगच बोलणी पुढे सरकतात. वर हुद्द्याचं नाव आणि खाली कुळाचं, अशी दोन नावं इथली मराठा घरं पिढ्यान्‌पिढ्या वागवत आली. कागदावर त्यातलं एकच उरलं. आडनावाचा माग काढणाऱ्याची निम्मी अडचण इथेच सुरू होते.

हुद्दा तसा फार जुना. शिलाहारांच्या काळातल्या या भागातल्या लेखांत गावप्रमुखासाठी ‘गावुंड’ हे पद येतं. त्याचंच पुढचं रूप गौडा. शिरोळ-हातकणंगल्याकडच्या जैन घरांत आजोबा-पणजोबांची नावं बाळगोंडा, जिनगोंडा, भीमगोंडा अशी सर्रास सापडतात आणि त्याच घरांचं आडनाव पुष्कळदा पाटील असतं. तोच मान नावातही आहे आणि आडनावातही.

त्या काळातल्या राजघराण्यांशी आडनावं थेट जोडायची हौसही इथे भरपूर. शिलाहारांपासून शेलार, यादवांपासून जाधव, चालुक्यांपासून साळुंखे (कोल्हापुरात साळोखे), परमारांपासून पवार (इथे पोवार). उच्चार जुळतात हे खरं, पण मधल्या शतकांचा सलग कागद फार थोड्या घरांकडे असतो. घराण्याचा अभिमान म्हणून हे सांगावं. वंशाचा पुरावा म्हणून मांडायला ते पुरत नाही.

मराठेशाहीपासून मात्र जमीन घट्ट लागते. पाटलाचा मदतनीस तो चौगुला, त्यावरून चौगुले. गडावरच्या कारभारातून सरनोबत, सबनीस, हवालदार. हत्यारांना धार लावणारे शिकलगार, दर्ग्याची व्यवस्था पाहणारे मुजावर. गावावरून कागलकर, हुपरीकर. घाटग्यांचा ‘सर्जेराव’ आणि घोरपड्यांचा ‘हिंदुराव’ हे किताब. आज गावोगावी ही पोरांची पाळण्यातली नावं आहेत. इचलकरंजीच्या जहागीरदारांचा दाखला तर डोळे उघडणारा. कोकणातून आलेले एक जोशी कापशीच्या सेनापती घोरपड्यांच्या आश्रयाला राहिले, तिथे वाढले आणि त्या उपकाराची आठवण म्हणून त्यांनी घोरपडे हेच आडनाव घेतलं. ब्राह्मण घराणं, मराठा सरदाराचं आडनाव. आडनावावरून जात ओळखता येते असं छातीठोकपणे सांगणाऱ्याने आधी इचलकरंजीला जाऊन यावं.

खरी उलथापालथ झाली ती 1917-18 मध्ये. कोल्हापूर संस्थानाने प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि ज्यांच्या घरात तोवर कुणी पाटी धरली नव्हती त्यांची नावं हजेरीपटावर चढू लागली. तोवर सामान्य शेतकऱ्याला कागदावर आडनाव लागायचंच असं नव्हतं. जुन्या मोडी नोंदी पाहाव्यात: ‘राणू बिन धोंडी’, ‘सखू कोम बाळा’ अशी धाटणी. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, कोम म्हणजे अमक्याची बायको. त्यापुढे जात आणि गाव. आडनावाची जागा बहुधा रिकामीच. शाळेत मात्र मास्तरांनी विचारलं की बाप काहीतरी सांगायचा. कुणी कूळ सांगितलं, कुणी वतन, कुणी धंदा, कुणी सोडून आलेलं गाव. एका भावाच्या मुलाच्या दाखल्यावर पाटील आणि दुसऱ्याच्या मुलाच्या दाखल्यावर माने, हे त्यातूनच घडलं. वाटणीच्या वेळी अशा घरांना आपण एकच आहोत हे प्रतिज्ञापत्र करून सांगावं लागतं.

त्याच सुमारास, 1918 मध्ये, संस्थानात कुलकर्णी वतन, म्हणजे गावचं दप्तर लिहिण्याचा पिढीजात हक्क, बरखास्त होऊन तलाठी आले. या निर्णयावर तेव्हा मोठं काहूर उठलं. वतनदारांच्या दृष्टीने तो पिढीजात हक्कावरचा घाला होता. रयतेच्या दृष्टीने दप्तर एका घराच्या मुठीतून सुटलं, आणि हीच बाजू जास्त खरी मानायला हवी. बलुतेदारी आणि महार वतनंही त्याच काळात मोडली गेली. नावांच्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की काम गेलं आणि नाव पक्कं झालं. दप्तर हातात नसलेला कुलकर्णी कुलकर्णीच राहिला. भट्टी कधीच विझलेला लोहार लोहारच राहिला.

पाटलांच्या बाबतीत हे उशिरा घडलं. 1949 मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, 1950 च्या कायद्याने उरल्यासुरल्या परगणा-कुलकर्णी वतनांचा शेवट झाला, आणि मुलकी, म्हणजे महसुली, पाटलाचं पद 1 जानेवारी 1963 पासून गेलं. 1967 च्या कायद्याने पोलीस पाटील नेमणुकीने येऊ लागला. आता पोलीस पाटील कांबळे असू शकतात, मुजावर असू शकतात. मात्र ज्यांचं घर तीन पिढ्या पुण्या-मुंबईत आहे आणि गावात गुंठाही उरलेला नाही तेही पाटीलच. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान अशा सगळ्या समाजांत पाटील आहेत, कारण प्रश्न गाव कोण सांभाळत होतं एवढाच होता.

2023 मध्ये मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी जुन्या कुणबी नोंदी शोधायची मोहीम राज्यभर सुरू झाली आणि हा सगळा गुंता पुन्हा वर आला. कोतवाल बुकं, म्हणजे जन्ममृत्यूचा गाव नमुना 14, शाळांची जुनी जनरल रजिस्टरं, पुराभिलेखागारातले रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे), हे सगळं उघडलं गेलं. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. पण पणजोबांच्या नोंदीत आडनावच नाही, आणि असलं तर आजच्यापेक्षा वेगळं, अशी अनेकांची स्थिती. नोंद त्यांचीच हे ठरवायला वंशावळ लागते आणि वंशावळ जुळवायला जमिनीचा कागद. म्हणून शोध घेणाऱ्याने आडनावावरून सुरुवात करू नये. गाव, खापरपणजोबाचं नुसतं नाव आणि जमिनीचा गट किंवा जुना सर्व्हे नंबर हाताशी धरून मागे जावं. सातबाऱ्यावरची ‘आण्णासो’, ‘बाळासो’, ‘बापूसो’ ही साहेबी घरगुती नावं त्यात आणखी चकवा देतात, कारण जन्मनोंदीत तोच माणूस वेगळ्याच नावाने असतो.

या सगळ्या दप्तरात बाई जवळपास नाहीच. लग्नात आडनाव बदललं, पुष्कळदा पाळण्यातलं नावही बदललं, आणि वंशावळीत तिची रेघच ओढली गेली नाही. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं, मग वडिलांचं नाव लावणं राज्यात सक्तीचं झालं. त्यातही येतं ते आईचं फक्त नाव, तिचं माहेरचं आडनाव नाही. आजीचं माहेर शोधायचं तर अजूनही लग्नाच्या याद्या, मामाकडच्या गावचं कोतवाल बुक आणि घरातली सगळ्यांत थोरली बाई, एवढाच आधार.