६६ कोटींचा हिशेब आणि माणसाचे मन

२९ सप्टेंबर २०१४ रोजी चेन्नईच्या राजभवनात ओ. पनीरसेल्वम मुख्यमंत्रिपदाची शपथ घ्यायला उभे राहिले, पण त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. डोळे पुसत, थांबत थांबत त्यांनी शपथ पुरी केली. त्यांच्यामागून आलेले मंत्रीही रडत होते. दोन दिवस आधी बंगळूरूच्या विशेष न्यायालयात न्यायाधीश जॉन मायकेल डिकुन्हा यांनी जयललितांना ४ वर्षे कैद आणि १०० कोटी रुपये दंड सुनावला होता. १९९१ ते १९९६ या पहिल्या कारकिर्दीत त्या महिन्याला १ रुपया पगार घेत होत्या. त्याच काळात ६६.६५ कोटींची बेहिशेबी मालमत्ता जमा झाल्याचा आरोप होता. पदावर असतानाच दोषी ठरून खुर्ची गमावणाऱ्या त्या देशातल्या पहिल्या मुख्यमंत्री.

निकालानंतर तामिळनाडूत दुकाने बंद झाली, दगडफेक झाली, उपोषणे झाली. काहींनी स्वतःचा जीवही दिला. या शेवटच्या गोष्टीबद्दल एक सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. आत्महत्येच्या ठळक बातम्यांनंतर आत्महत्या वाढतात, हे समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ मध्येच आकडेवारीने दाखवले. व्हिएन्नात १९८७ पासून वृत्तपत्रांनी भुयारी रेल्वेतल्या आत्महत्यांच्या बातम्यांचा सूर बदलला, आणि तिथल्या घटना घटल्या. तामिळनाडूत मात्र अशा मृत्यूंना निष्ठेचा मान मिळाला, कुटुंबांना पक्षाने प्रत्येकी ३ लाख रुपये जाहीर केले. शोकाकुल घराला मदत मिळावी यात दुमत नाही. पण मरणालाच निष्ठेची पावती ठरवणे म्हणजे पुढच्या डळमळीत मनाला कड्याकडे ढकलणे आहे.

आता मूळ प्रश्न. लोकांना भ्रष्टाचार कळत नाही, म्हणून ते दोषी नेत्यासाठी रडतात, असे शहरी दिवाणखान्यांत सहज बोलले जाते. तामिळनाडूचा इतिहास हे खोडून काढतो. सप्टेंबर १९९५ मध्ये जयललितांच्या मानसपुत्राच्या लग्नाचा डामडौल सगळ्या राज्याने पाहिला होता. १९९६ च्या विधानसभा निवडणुकीत त्याच मतदारांनी त्यांच्या अण्णाद्रमुक पक्षाला ४ जागांवर आणले आणि बरगूरमध्ये खुद्द जयललितांना पाडले. शिक्षा द्यायला लोकांना न्यायालयाची वाट पाहावी लागली नव्हती. १८ वर्षांनी न्यायाधीशांनी जे सांगितले, त्यातले बरेचसे मतदाराच्या मनात केव्हाच जमा होऊन, वजा होऊन गेले होते.

संख्याशास्त्रात याला पूर्वअंदाज म्हणतात. नवी माहिती आली की माणूस कोऱ्या पाटीवर मत लिहीत नाही, आधीच्या अंदाजात दुरुस्ती करतो. माहिती अंदाजाला धरून असेल तर मत हलत नाही. ब्राझीलमध्ये हे फार सुंदर तपासता आले. २००३ पासून तिथल्या केंद्र सरकारने सोडत काढून नगरपालिका निवडायला आणि त्यांचे हिशेब तपासून अहवाल जाहीर करायला सुरुवात केली. सोडत असल्यामुळे काही गावांचे अहवाल २००४ च्या निवडणुकीआधी आले, काहींचे नंतर, आणि त्यामागे कोणाची मर्जी नव्हती. क्लाउडिओ फेराझ आणि फ्रेडेरिको फिनान या अर्थशास्त्रज्ञांनी दोन्ही गटांची तुलना केली. मतदानाआधी भ्रष्टाचार उघड झालेल्या महापौरांना फटका बसला होता. जिथे स्थानिक रेडिओ होता तिथे तो जास्त जोरात बसला. याची दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते: ज्या महापौराचा कारभार लोकांच्या अंदाजापेक्षा स्वच्छ निघाला, त्याला अहवालाचा फायदाच झाला. म्हणजे मतदार ऐकत होता, तोलत होता. फक्त बातमी ताजी हवी, वेळेवर हवी आणि ओळखीच्या आवाजात हवी. १८ वर्षे रेंगाळलेला खटला या तिन्ही कसोट्यांवर नापास होतो.

पण जुनी बातमी ऐकून माणूस गप्प राहील. रडणार का?

त्याचे उत्तर माहितीत नाही, नात्यात आहे. २०१४ पर्यंत जयललिता ‘अम्मा’ झाल्या होत्या. १ रुपयाला इडली देणारी अम्मा उपाहारगृहे २०१३ पासून चालू होती, घरोघरी मिक्सर आणि पंखे पोचले होते. ज्याच्या ताटात ती इडली पडते, त्याच्यासाठी निकाल एका राजकारण्याबद्दल उरत नाही. घरच्या माणसावर कोणी बोट ठेवले तर आपला हात जसा आपोआप पुढे होतो, तसे होते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हे आपल्या आज्यांना ठाऊकच होते. प्रयोगशाळेने फक्त त्याची यंत्रणा उलगडली.

पीटर डिट्टो आणि डेव्हिड लोपेझ यांचा १९९२ चा प्रयोग बघा. विद्यार्थ्यांना सांगितले की ही पट्टी लाळेत बुडवा, एका एन्झाइमची कमतरता आहे का ते रंगावरून कळेल. पट्टी होती साधा पिवळा कागद. ती रंग बदलणारच नव्हती. अर्ध्यांना सांगितले होते की रंग बदलला नाही तर तब्येत उत्तम. त्यांनी पट्टी पाहिली, पाकिटात घातली, संपले. उरलेल्यांना सांगितले होते की रंग बदलला तरच तब्येत ठीक. ते ताटकळत बसले, पट्टी पुन्हा पुन्हा बुडवत राहिले. हवे ते उत्तर मिळाले की आपण तपास थांबवतो, नको ते मिळाले की चालू ठेवतो. इथे कोणी खोटे बोलत नाही. दोघांनाही आपण पुरावाच बघतोय असे प्रामाणिकपणे वाटते.

शिक्षण यावर उतारा ठरेल, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. येल विद्यापीठाच्या डॅन कहान यांच्या प्रयोगाने ती हलवली. त्यांनी लोकांना एक छोटा तक्ता दिला. नवे मलम लावलेल्यांपैकी २२३ जणांचे पुरळ कमी झाले, ७५ जणांचे वाढले. न लावलेल्यांपैकी १०७ जणांचे कमी झाले, २१ जणांचे वाढले. मलम उपयोगी आहे का? पहिल्या नजरेला हो वाटते, गुणोत्तर काढले तर उत्तर नाही असे येते. गणित चांगले असलेल्यांनी ते बरोबर ओळखले. मग तेच आकडे बंदूकबंदी आणि गुन्हेगारी या वादावर चढवले, तेव्हा आपल्या बाजूला न पटणारे उत्तर असले की गणितात हुशार असलेलेही घसरले, आणि अमेरिकेतल्या दोन पक्षांच्या समर्थकांतले अंतर त्यांच्यातच सर्वांत जास्त निघाले. नंतरच्या एका पुनरावृत्तीत हा परिणाम तसा ठळक दिसला नाही, त्यामुळे त्यावर फार मोठा इमला बांधू नये.

तरी या खटल्यातच त्याचा पडताळा यावा असा प्रसंग घडला. ११ मे २०१५ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने जयललितांना निर्दोष ठरवले. निकालपत्रात उत्पन्नात धरलेल्या कर्जांची बेरीज २४.१७ कोटी दाखवली होती. सरकारी वकील बी. व्ही. आचार्य यांनी दाखवून दिले की तक्त्यातले आकडे मिळवले तर १०.६७ कोटीच होतात. हा फरक बारीक नव्हता. चुकीच्या बेरजेने बेहिशेबी मालमत्ता उत्पन्नाच्या ८.१२ टक्के, म्हणजे माफीच्या १० टक्क्यांच्या आत येत होती. बरोबर बेरजेने ती ७६ टक्क्यांवर जात होती. प्राथमिक शाळेतल्या मुलाला जमेल अशी ही बेरीज. समर्थक मात्र त्या दिवसांत फटाके उडवत होते. पट्टीला हवा तो रंग आला होता, आता ती पुन्हा कशाला बुडवायची?

डिसेंबर २०१६ मध्ये जयललिता गेल्या. १४ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंगळूरूचा मूळ निकाल कायम केला. खटला तोच, आकडे तेच, आणि संगनमत जयललितांसह चौघा आरोपींचे होते हे निकालपत्रात स्पष्ट होते. जयललितांच्या निधनामुळे शिक्षा भोगायला उरले तिघे, त्यांत जयललितांच्या निकटवर्तीय शशिकला होत्या, ज्यांना पक्षाच्या आमदारांनी नुकतेच नेतेपदी निवडले होते. या वेळी पनीरसेल्वम त्यांच्या विरोधात उभे होते. निकाल आला तेव्हा पनीरसेल्वम यांच्या घराबाहेर त्यांच्या समर्थकांनी मिठाई वाटली, फटाके लावले. हातात फोटो अम्मांचेच होते.