प्लाझ्मा, बदलती जाळी आणि सांध्यांचा प्रश्न: पार्श्वभूमी

पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने तयार झालेली 'सूट' ही दुर्बीण आदित्य-एल१ यानावरून सूर्याचं निरीक्षण करते. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरचं ते ठिकाण सतत सौरवाऱ्यात, म्हणजे सूर्यातून वाहणाऱ्या विद्युतप्रभारित कणांच्या वायूत, प्लाझ्मात, न्हाऊन निघतं. हा प्लाझ्मा संगणकात उतरवायचा तर अवकाशाची जाळी करून प्रत्येक घरात गणित सोडवावं लागतं. घोडं अडतं ते मापांवर. सूर्य ते पृथ्वी अंतर १५ कोटी किलोमीटर, तर पृथ्वीजवळच्या सौरवाऱ्यात ज्या अंतरापलीकडे एका कणाचा विद्युतप्रभार झाकला जातो, ती डिबाय लांबी साधारण १० मीटर. सगळीकडे तेवढी बारीक जाळी टाकली तर एका बाजूलाच दीड हजार कोटी घरं होतील.

शिवाय घराची बाजू निम्मी केली की तीन मितींत घरं आठपट होतात. एका पावलात लहर साधारण एका घरापलीकडे जाऊ नये, या कूरांट, फ्रीडरिश्स आणि लेव्ही या गणितज्ञांनी १९२८ मध्ये मांडलेल्या अटीमुळे काळाचं पाऊलही निम्मं करावं लागतं. काम सोळापट वाढतं.

यावरचा उपाय वायूंच्या अभ्यासातून आला. मार्शा बर्जर आणि जोसेफ ऑलिगर यांनी १९८४ मध्ये सुचवलं, की जिथे चूक वाढताना दिसते तिथेच बारीक जाळीचा तुकडा बसवावा, आणि बारीक घरांसाठी काळही लहान पावलांनी पुढे न्यावा. आघाततरंग सरकला की तुकडाही सरकतो. १९८९ मध्ये बर्जर आणि फिलिप कोलेला यांनी जाड आणि बारीक जाळीच्या सीमेवर वस्तुमान, ऊर्जा यांचा हिशेब चोख जुळवून दाखवला.

याच सुमारास पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था सुरू झाली आणि १९९१ मध्ये तिचा परम ८००० हा महासंगणक आला. अनेक प्रोसेसरना एकाच गणिताला जुंपण्याचा तो काळ. पण जाळी बदलती असेल तर कामाची वाटणी सतत बिघडते: एकावर ढीग, दुसरा रिकामा. मिशिगन विद्यापीठाच्या बॅट्स-आर-यूएस या प्रणालीने समान घरसंख्येचे ठोकळे वाटून हा गुंता सोडवला. सौरवारा आणि पृथ्वीचं चुंबकावरण अभ्यासायला ती आजही वापरतात.

माझ्या मते मात्र प्लाझ्माची खरी कसोटी सांध्यांवर लागते. चुंबकीय रेषांना टोक नसतं. जाड आणि बारीक घरांच्या सीमेवर क्षेत्राची किंमत अदमासाने भरली, तर गणितात चुंबकाचे सुटे ध्रुव उगवतात आणि प्लाझ्मावर खोटं बल लागतं. दिनशॉ बलसारा यांनी २००१ मध्ये या रेषा न तोडता जाळी बारीक करण्याची रीत दिली.

एकेका कणाचा माग काढणाऱ्या पद्धतीत पेच आणखी चिवट. सीमेजवळचा कण स्वतःच्याच क्षेत्राने ढकलला जातो, विद्युतचुंबकीय लहरी सांध्यावर आपटून परततात. म्हणूनच इथे बदलती जाळी रुळायला फार वेळ लागला. महासंगणकावरच्या कामासाठी दिलं जाणारं गॉर्डन बेल पारितोषिक २०२२ मध्ये मिळालेल्या 'वॉर्पएक्स' या कणपद्धतीच्या प्रणालीच्या कामात लेझरने इलेक्ट्रॉन वेगवान करण्याचं सिम्युलेशन होतं. लेझर ज्या घन पदार्थावर आदळतो, त्याच्या भोवती बारीक जाळी ठेवली होती. बाकी वायूला जाड घरं पुरली.