कसा आहे पिक्चर? सिनेमाबद्दलच्या गप्पांची पार्श्वभूमी

शुक्रवारी नवा सिनेमा लागतो आणि शनिवार उजाडेपर्यंत एकच प्रश्न घरोघरी फिरू लागतो, ‘पाहिलास का? कसा आहे?’ उत्तरंही ओळखीची असतात. ‘एकदा बघायला हरकत नाही’, ‘मध्यंतरापर्यंत मस्त, पुढे ताणलाय’, ‘टीव्हीवर आला की बघ’, ‘रुमाल घेऊन जा’. याला कुणी समीक्षा म्हणत नाही आणि बोलणाऱ्याला ती करायचीही नसते. पण आपल्याकडचे कितीतरी सिनेमे याच बोलण्यानं तारले आणि बुडवलेही. समीक्षकांची नावं पुस्तकांत, कात्रणांत सापडतात. या बोलणाऱ्यांची कुठेच सापडत नाहीत. त्यांच्या खुणा शोधायच्या तर कोणता सिनेमा किती आठवडे चालला, या हिशोबात शोधाव्या लागतात.

मराठी माणसाला ही सवय सिनेमानं लावलेली नाही. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगमंचावर आलं आणि संगीत नाटकाचा जमाना सुरू झाला. त्या प्रेक्षकाच्या हाती ‘वन्समोअर’चं हत्यार होतं. पद आवडलं की हाक द्यायची, नट ते पुन्हा गाणार. बालगंधर्व मोठे की केशवराव भोसले, यावर लोक हिरिरीनं भांडायचे, म्हणून तर १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या ‘संयुक्त मानापमान’ला, दोघे एकाच रंगमंचावर येणार म्हटल्यावर, अशी गर्दी उसळली. नाटकाच्या प्रेक्षकाचं मत तिथल्या तिथे नटापर्यंत पोचत होतं.

सिनेमाच्या पडद्याला मात्र ऐकू येत नाही. माझ्या मते सिनेमावरच्या गप्पांचं मूळ इथेच आहे. टाळ्या वाजवा, शिट्ट्या मारा, पुढचा प्रसंग होता तसाच येणार. पडद्याला सांगता येत नाही ते मग बाहेर पडल्यावर माणसांना सांगायचं.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली तेव्हा तिकीट होतं एक रुपया, म्हणजे बघणारे मोजकेच. मत द्यायला खरा प्रेक्षक मिळाला तो दादासाहेब फाळक्यांमुळे. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थेटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. मुंबईबाहेर नेल्यावर मात्र फाळक्यांची गाठ पडली ती नाटकाशी होणाऱ्या तुलनेशी. सुरतेची गोष्ट सांगतात. तिथल्या लोकांचं म्हणणं साधं होतं, दोन आण्यांत सहा तासांचं नाटक मिळतं, तर तीन आणे देऊन दीड तासाचा खेळ कशाला बघायचा? फाळक्यांनी वाद घातला नाही. सत्तावन्न हजार फोटो आणि दोन मैल लांबीचं चित्र, सगळं तीन आण्यांत, अशी जाहिरात केली आणि थेटर भरलं. ‘पैसा वसूल’ झाला की नाही, हा आपल्या प्रेक्षकाचा पहिला निकष इतका जुना आहे. पुढे फाळक्यांनी ‘नवयुग’ मासिकात भारतीय चित्रपटांवर लेखमाला लिहिली. सिनेमा करणाराच सिनेमाबद्दल मराठी वाचकांशी मोकळेपणानं बोलत होता.

नाटकाचा आणि सिनेमाचा प्रेक्षक किती वेगळा, हे बालगंधर्वांच्या बाबतीत फार हळवेपणानं दिसतं. १९३५ साली प्रभात फिल्म कंपनीच्या ‘धर्मात्मा’मध्ये त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. ज्या गायकाला वर्षानुवर्षं समोरून दाद येत होती, त्याच्यासमोर आता कॅमेरा होता. प्रभातच्या इतर चित्रपटांसारखं यश ‘धर्मात्मा’ला मिळालं नाही, आणि प्रभातशी असलेला त्यांचा संबंध पुढे चालला नाही. ते रंगभूमीवर परतले. दुसऱ्याच वर्षी आलेला ‘संत तुकाराम’ मुंबईच्या सेंट्रल सिनेमात वर्षाहून अधिक काळ चालला. प्रभातचं नाव मोठं होतंच, पण वर्षभर थेटर भरतं ठेवणं नुसत्या जाहिरातीला जमत नाही. एका घरातली बाई बघून आली की आळीतल्या चौघी जायच्या, तेव्हा कुठे असे आठवडे साठतात.

या गप्पांना इतकं बळ का आलं, याचं कारण धंद्याच्या रीतीत आहे. प्रिंटा मोजक्या असायच्या. सिनेमा आधी मुंबई-पुण्याला लागायचा, मग जिल्ह्याच्या गावी, मग तालुक्याला, आणि सगळ्यात शेवटी झिजलेली, तुटून जोडलेली प्रिंट जत्रेतल्या तंबूत यायची. या प्रवासाला महिनेच्या महिने लागत. त्यामुळे सिनेमा गावात पोचण्याआधी त्याच्याबद्दलचं मत एसटीनं येऊन पोचलेलं असायचं. सुट्टीत मुंबईहून आलेला चाकरमानी अख्खी गोष्ट सांगायचा, मारामारीच्या आवाजांसकट. तंबूसमोर उभ्या माणसाला हिरो कोण आणि शेवटी कोण मरतं ते ठाऊक असायचं. तरी तो तिकीट काढायचाच, कारण ऐकलेलं आता बघायचं होतं.

थेटरच्या आवारात मिळणारी गाण्यांची पुस्तिका आठवा. पातळ, स्वस्त कागदाची, पुढे नटनट्यांचे काळपट छाप. आत गाणी आणि सुरुवातीला कथासार. नायिकेवर संकट कोसळलं की ते सार थांबायचं आणि खाली ओळ असायची, पुढे काय झालं ते रुपेरी पडद्यावर पाहा. शेवट झाकायची एवढी काळजी छापणारा घ्यायचा, आणि फाटकाबाहेर पडणारा पहिलाच माणूस तो सांगून मोकळा व्हायचा!

हे फाटक फार महत्त्वाचं. एकपडदा थेटरात तीनचा खेळ सुटायच्या वेळी सहाच्या खेळाची रांग त्याच आवारात उभी असायची. दोन्ही गर्द्या एकमेकींना घासून जायच्या. रांगेतला कुणीतरी विचारायचा, ‘कसाय?’ बाहेर येणारा डोळे चोळत दोन शब्दांत निकाल द्यायचा. अनोळखी माणूस, पण त्यानं नुकतेच पैसे मोजलेले, त्यामुळे त्याच्यावर विश्वास बसायचा. रांग सोडून निघून जाणारेही असत आणि ते ऐकून ब्लॅकवाल्याकडे वळणारेही.

लोकांच्या या मतांची दखल सरकारनंही एकदा घेतली होती. १९२७-२८ साली टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखालच्या चित्रपट समितीनं देशभर चार हजारांहून जास्त प्रश्नावल्या पाठवल्या आणि साडेतीनशेच्या वर साक्षी घेतल्या. फाळक्यांनीही आपलं म्हणणं मांडलं. अर्थात तिथे बोलायला मिळालं ते बहुतेक प्रतिष्ठितांना. पिटातल्या, म्हणजे पुढच्या स्वस्त जागांवरच्या प्रेक्षकाला कोण विचारतो?

त्याला विचारलं ते नियतकालिकांनी. १९३५ साली बाबूराव पटेलांनी मुंबईत ‘फिल्मइंडिया’ सुरू केलं. इंग्रजी मासिक, पण संपादक पालघरकडचा मराठी माणूस, लेखणी तिखट आणि भीडभाड शून्य. त्यांची परीक्षणं निर्मात्यांना घाम फोडायची, तरी अंक हातात पडल्यावर अनेक जण आधी उघडायचे ते वाचकांच्या प्रश्नोत्तरांचं पान. तिथे कुणीही काहीही विचारायचं आणि बाबूराव चारचौघांत बोलावं तसं उत्तर द्यायचे. १९५४ मध्ये ‘फिल्मफेअर’नं पहिले पुरस्कार दिले तेही वाचकांच्या मतांवर. मराठीत नाशिकच्या ‘रसरंग’नं सिनेमा खेडोपाडी वाचता केला. सलूनमध्ये दाढीला बसलेला माणूस तो चाळायचा आणि खुर्चीतूनच वाद सुरू व्हायचा. इसाक मुजावर यांच्यासारख्या लेखकाचा मला विशेष आदर वाटतो. त्यांनी सिनेमाच्या आठवणी गप्पांच्या सुरात लिहून ठेवल्या, नाहीतर त्यातलं बरंच हवेत विरलं असतं.

फिल्म सोसायट्यांनी या बोलण्याला शिस्त लावली. १९६८ साली मुंबईत प्रभात चित्र मंडळ उभं राहिलं, पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे रसास्वादाचे वर्ग सुरू झाले. खेळानंतर खुर्च्या गोलात मांडून चर्चा होऊ लागली. यातून जाण वाढली, उत्तम लिहिणारे घडले. एक खंत मात्र आहे. ‘मला आवडला’ एवढंच म्हणायला लोक तिथे बिचकू लागले, आणि आवडण्यासाठी कारण द्यावं लागतं असा समज पसरला.

आता १९७५. गप्पांची ताकद बघायची तर हे एकच वर्ष पुरे. १५ ऑगस्टला ‘शोले’ मुंबईत लागला. पहिल्या आठवड्यात परीक्षणं थंड होती, धंद्यातल्या लोकांनी तो पडल्यात जमा केला. शेवट बदलून जयला जिवंत ठेवायचं का, इथवर निर्माते-दिग्दर्शकांत बोलणं झालं. प्रेक्षक शिट्ट्या वाजवत नव्हते, थेटरात शांतता असायची, त्यामुळे सगळेच घाबरलेले. वरळीच्या गीता थिएटरची एक हकिकत सांगतात. तिथल्या माणसानं दिग्दर्शक रमेश सिप्पींना धीर दिला. आपल्याकडची थंड पेयं आणि आइस्क्रीम खपत नाहीत, कारण मध्यंतरात लोक जागचे हलत नाहीत, असं त्याचं म्हणणं. ही शांतता नापसंतीची नव्हती. लोक भारावून घरी जात होते आणि घरी गेल्यावर बोलत होते. दोन-तीन आठवड्यांत गब्बरचे संवाद शाळेच्या पटांगणापर्यंत पोचले. पुढे नुसत्या संवादांची तबकडी निघाली आणि तीही धडाधड खपली. मुंबईच्या मिनर्व्हा थेटरात सिनेमा पाच वर्षं चालला. लोकांच्या तोंडी तो रुजायला जो अवकाश लागतो, तो त्याला थेटरांनी दिला होता.

त्याच वर्षी, ‘शोले’च्या आधी, ‘जय संतोषी माँ’ आला. खर्च नगण्य, मोठा नट नाही, गाजावाजा नाही. त्याचा प्रसार केला तो बायकांनी. शुक्रवारचं व्रत करणाऱ्या एकीनं दुसरीला सांगितलं, उद्यापनाला जमलेल्यांत विषय निघाला, आणि बायका घोळक्यानं थेटरात येऊ लागल्या. चपला बाहेर काढून ठेवायच्या, पडद्यावर देवी आली की फुलं आणि नाणी उधळायची. त्या वर्षीच्या मोठ्या यशांत हा सिनेमा ‘शोले’च्या बरोबरीनं मोजला जातो. आपल्याकडच्या सिनेमाचा सगळ्यात भरवशाचा प्रचारक बायकांचा घोळका आहे, आणि धंद्यातल्या लोकांना ते दरवेळी उशिरा कळतं.

पुढे दूरदर्शनमुळे शनिवारचा मराठी आणि रविवारचा हिंदी सिनेमा सगळ्यांनी एकाच वेळी पाहिला. सोमवारच्या लोकलमध्ये, ऑफिसच्या डब्यावर विषय आयता मिळायचा. ‘बघू का नको’ हा प्रश्न त्यात उरला नाही, पण अलका कुबलचं रडणं खरं की ताणलेलं, यावर डबे थंड होईपर्यंत बोलता यायचं. तोवर तिचा ‘माहेरची साडी’ १९९१ साली थेटरांत धुमाकूळ घालून गेला होता. खेड्यांतून टेम्पो भरभरून बायका आल्या, त्यांना कुणी परीक्षण वाचून दाखवलेलं नव्हतं.

मल्टिप्लेक्स आलं आणि दोन गोष्टी हातातून गेल्या. पहिली ते फाटक. आता सिनेमा संपल्यावर लोक दुसऱ्या दारानं, थेट पार्किंगकडे उतरतात. आत जाणाऱ्याची आणि बाहेर येणाऱ्याची गाठच पडत नाही. दुसरी गोष्ट जास्त जाचक आहे, ती म्हणजे सवड. सिनेमा एकाच शुक्रवारी हजारो पडद्यांवर लागतो आणि रविवार रात्रीपर्यंत त्याचा निकाल लावला जातो. एका काकूंनी दुसऱ्या काकूंना सांगून, त्यांनी जावेला विचारून, सगळ्यांची सुट्टी जुळवून बेत ठरायला आठ-दहा दिवस लागतात. तोवर मराठी सिनेमा सकाळी साडेनऊच्या एका खेळावर आलेला असतो किंवा उतरलेला. २०१५ साली राज्य सरकारनं मल्टिप्लेक्सांना प्राइम टाइममध्ये मराठी चित्रपट दाखवायला सांगितलं, त्यामागची दुखरी नस हीच होती.

सवड मिळाली की काय होतं, हेही पाहायला मिळालं आहे. २०१६ मध्ये ‘सैराट’साठी काही गावांत मध्यरात्रीचे खेळ लावावे लागले. ३० जून २०२३ ला ‘बाईपण भारी देवा’ लागला. भिशीचे गट, सोसायटीतल्या मैत्रिणी, माहेरवाशिणी ठरवून, नटूनथटून, गॉगल लावून गेल्या आणि येताना पुढच्या गटाला सांगून आल्या. थेटरवाल्यांनी खेळ वाढवले, कमाईनं पन्नास कोटींचा आकडा ओलांडला, आणि मध्यमवयीन सहा बहिणींची गोष्ट कोण बघणार, असं आधी कुणाला वाटलं असेल तर त्याचं उत्तर तिकीट खिडकीवर मिळालं.