रेंज फुल, नेट गुल

मावशी परळला राहते, चौथ्या माळ्यावर. चाळ पाडून उभी राहिलेली इमारत आहे, त्यामुळे शेजारी बरेचसे जुनेच. गेल्या पावसाळ्यात मावसभावाने तिच्या जुन्या कॉम्प्युटरला वायफायचा डोंगल, म्हणजे यूएसबीच्या खोबणीत खुपसायचं वायफाय पकडणारं छोटं यंत्र, आणून लावला, पासवर्ड टाकला आणि तो ऑफिसला निघून गेला. तासाभराने मला फोन.

"अगं, दांड्या फुल आहेत. कनेक्टेड म्हणतंय. पण एक पान उघडेल तर शपथ!"

"राउटर बंद करून चालू केलास का?"

"तीनदा केला. तिसऱ्यांदा तर हात जोडून."

संध्याकाळी मी गेले. सगळ्या गोंधळाचं मूळ त्या दांड्यांत असतं, म्हणून आधी त्यांच्याबद्दलच सांगते. दांड्या म्हणजे इंटरनेटचं मीटर नव्हे. राउटरचा आवाज तुमच्या कॉम्प्युटरला किती मोठ्याने ऐकू येतोय, एवढंच त्या सांगतात. राउटरला पुढून काही मिळतंय का, याचा त्यांना पत्ता नसतो. मंडपातला लाऊडस्पीकर खणखणीत आहे पण वक्ताच आलेला नाही, तरी दांड्या फुलच दिसणार.

आणि हा 'मोठा' आवाज तरी केवढा? घरगुती राउटर साधारण १०० मिलिवॅट ताकदीने लहरी सोडतो, म्हणजे एका वॅटचा दहावा हिस्सा. रात्री लावायचा एलईडीचा झिरो बल्बसुद्धा अर्धा वॅट खातो. त्यातून शेजारच्या खोलीतल्या लॅपटॉपपर्यंत जे पोचतं ते कधी कधी सोडलेल्याच्या एक अब्जांश असतं. त्या वेळी सिग्नल मोजणारं अ‍ॅप उणे ७० डीबीएम असा आकडा दाखवतं, आणि तेवढ्यावर काम नीट चालतं. या मापात दर दहाने आकडा खाली गेला की ताकद दहापट घटते. उणे ५० म्हणजे राउटर उशाशीच आहे. उणे ८० च्या खाली गेलं की व्हिडिओ कॉलवर समोरच्याचं तोंड उघडं राहून चित्र थिजतं.

मावशीचा राउटर होता पोटमाळ्यावर. राउटर कुठे बसवायचा हे आपल्याकडे घरातलं कुणी ठरवत नाही, नेटवाला ठरवतो. ज्या खिडकीतून वायर आत आली तिच्या जवळचा पहिला प्लग, झालं. मग "धूळ बसते", "पोरं हात लावतात" म्हणून घरातलं कुणीतरी तो आणखी वर चढवतं. मावशीकडे त्याच्या एका बाजूला पाण्याचं भरलेलं पिंप होतं आणि दुसऱ्या बाजूला स्टीलचे डबे. वायफायचा बळी द्यायचा म्हणून कुणी मुद्दाम जागा शोधली असती, तरी याहून चांगली सापडली नसती.

वायफायची जुनी पट्टी, म्हणजे लहरींच्या वारंवारतेचा तिला नेमून दिलेला टप्पा, २.४ गिगाहर्ट्झची. तिच्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे हाताच्या पंजाहून थोडी कमी. ५ गिगाहर्ट्झच्या पट्टीत ती निम्म्याहून कमी होते. धातूवर आदळली की ही लहर परत फिरते. लोखंडी कपाट, त्याच्या दारावरचा आरसा, खांबातल्या सळ्यांची जाळी, सगळीकडे तेच. पाण्यात शिरली की ती पाण्याचे रेणू हलवण्यात खर्ची पडते. मायक्रोवेव्ह ओव्हन याच पट्टीत, २.४५ गिगाहर्ट्झवर, अन्नातल्या पाण्याला हेच करतो, फक्त वायफायच्या हजारो पट ताकदीने. ही वारंवारता पाण्याच्या रेणूशी तंतोतंत जुळते म्हणून निवडली, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. ते खरं नाही. पाणी सर्वात जास्त शोषतं ते याच्या कितीतरी वर, वीस गिगाहर्ट्झच्या आसपास.

मग सगळ्यांनी हीच पट्टी का धरली? कारण ती फुकट होती. अमेरिकेने १९८५ मध्ये अशा काही पट्ट्या विनापरवाना वापरायला खुल्या केल्या. ओव्हनसारख्या यंत्रांमुळे तिथे आधीच कलकलाट होता, त्यामुळे त्या कुणाला फारशा नकोच होत्या. वायफायचं पहिलं मानक १९९७ चं. भारतात २.४ ची पट्टी २००५ मध्ये परवान्यातून मोकळी झाली. आज आपण ज्या हवेतून बोलतो ती अशी कोपऱ्यात टाकून दिलेली जागा आहे.

त्या जागेत बोलणं जमवलं कसं, ही गोष्ट मला स्वतःला फार आवडते. बंद खोलीत रेडिओ लहर एका वाटेने येत नाही. एक सरळ येते, एक कपाटावर आपटून, एक छताला लागून, एक समोरच्या इमारतीच्या काचेवरून. प्रत्येक जण किंचित उशिरा. रिकाम्या हॉलमध्ये कुणी भरभर बोललं की आधीच्या शब्दाचा प्रतिध्वनी पुढच्या शब्दावर चढतो आणि काहीच कळत नाही, तसं. माहिती जितक्या वेगाने पाठवावी तितका घोळ जास्त.

जॉन ओसुलिव्हन हे ऑस्ट्रेलियाचे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. फुटणाऱ्या चिमुकल्या कृष्णविवरांमधून रेडिओ लहरींची ठिणगी येत असेल तर ती पकडावी, म्हणून १९७० च्या दशकात ते आकाश धुंडाळत होते. ठिणगी काही सापडली नाही. पण विस्कटलेला सिग्नल गणिताने सोडवायची विद्या हाती राहिली. पुढे सीएसआयआरओ या तिथल्या सरकारी संशोधन संस्थेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ती खोलीतल्या प्रतिध्वनींवर वापरली. त्यांना अमेरिकेत पेटंट मिळालं १९९६ मध्ये.

उपाय ऐकला की वाटतं, एवढंच? एकाने भरभर बोलायच्या ऐवजी पुष्कळ जणांनी एकाच वेळी सावकाश बोलायचं, प्रत्येकाने वेगळ्या सुरात. या शतकाच्या सुरुवातीच्या वायफायमध्ये माहिती वाहणारे असे ४८ सूर होते. प्रत्येक सूर ४ मायक्रोसेकंद धरून ठेवायचा, आणि त्यातले ०.८ मायक्रोसेकंद फक्त प्रतिध्वनी विरायला सोडायचे. ०.८ मायक्रोसेकंदात लहर २४० मीटर जाते. घरातल्या कुठल्याही भिंतीवरून फिरून यायला तेवढं अंतर भरपूर झालं.

तर प्रतिध्वनींचा प्रश्न सुटला. शेजाऱ्यांचा नाही सुटला.

चाळीत वाढलेल्यांना हे वेगळं समजवायला नको. नळ एक आणि हंडे वीस. वायफायचं प्रत्येक यंत्र बोलायच्या आधी कानोसा घेतं. हवा शांत असली तर अंदाजे क्षणभर थांबतं आणि मग बोलतं. समोरून 'पोचलं' अशी पावती आली नाही, तर दुसऱ्या कुणाशी टक्कर झाली असं धरून आणखी लांब थांबतं. मुकादम कुणी नाही, सगळं समजुतीवर. शेजाऱ्याचा राउटर त्याच चॅनेलवर, म्हणजे पट्टीच्या त्याच तुकड्यावर, असेल तर पासवर्ड वेगळा असला तरी रांग एकच. आणि रांगेत एक जण बारीक धारेखाली हंडा लावून बसला की सगळे खोळंबतात. लांबच्या खोलीतला, मोडकी रेंज मिळणारा फोन सेकंदाला एक मेगाबिट या वेगावर उतरला, तर इंटरनेटचं १५०० बाइटचं एक नेहमीचं पाकीट पाठवायला तो १२ मिलिसेकंद हवा अडवतो. शंभर मेगाबिटवाला तेच काम त्याच्या शंभराव्या हिश्श्यात उरकतो. म्हणून कुणीतरी स्वयंपाकघरात फोन नेतं आणि हॉलमधला टीव्ही अडखळतो.

मावशीच्या हॉलमध्ये उभं राहून मी फोनवर चॅनेल बघायचं अ‍ॅप उघडलं. रात्रीचे साडेआठ, सगळी इमारत घरी. एकूण सव्वीस नेटवर्कं, त्यांतली चौदा सहा नंबरच्या चॅनेलवर. एकाचं नाव 'मागू नये'. २.४ च्या पट्टीत आपल्याकडे १ ते १३ चॅनेल आहेत, पण ते एकमेकांपासून पाचच मेगाहर्ट्झवर, आणि प्रत्येक नेटवर्कला लागतात वीस. त्यामुळे एकमेकांवर न चढणारे म्हणून सहसा तीनच वापरतात: १, ६ आणि ११. कुणी हुशारीने ३ निवडला तर तो ना पहिल्याच्या रांगेत, ना सहाव्याच्या. दोघांच्याही मध्ये भांडं घुसवणारा, एवढंच. अशा वस्तीत सरळ ५ गिगाहर्ट्झवर जावं. तिथे चॅनेल बरेच जास्त आहेत, आणि त्या लहरी भिंतींत लवकर दमतात हा तिथे गुणच ठरतो, कारण शेजाऱ्यांच्याही दमतात. मावशीचा डोंगल मात्र फक्त २.४ चा निघाला.

शिवाय तो कॉम्प्युटरच्या पाठीमागे, बाहेरच्या हार्ड डिस्कला चिकटून. निळ्या खोबणीतली, म्हणजे यूएसबी ३ ची, वायर काम करत असताना नेमक्या २.४ च्या पट्टीत खरखर ओकते. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपणच काढलं होतं. हातभर एक्स्टेन्शन वायरने डोंगल लांब केला, राउटरचं चॅनेल ११ केलं आणि राउटर पोटमाळ्यावरून शोकेसवर आणला. पिंप हलवू या का, असंही विचारून पाहिलं. "पिंप तिथेच राहणार. तुझा राउटर हलव," मावशी म्हणाली.

डीबीएमचा आकडा उणे ७४ वरून उणे ५२ वर आला. पानं? एकही नाही.

इथे हवा सोडून पुढच्या साखळीकडे बघावं लागतं. राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा 'मी इथे आहे' अशी हाळी देत असतो. तीच ऐकून कॉम्प्युटर नावांची यादी दाखवतो. तुम्ही पासवर्ड टाकता तेव्हा तो हवेतून जातच नाही. दोघं चार निरोपांत एकमेकांना पटवतात की आपल्या दोघांना एकच गुपित माहीत आहे, पण गुपित उच्चारत नाहीत. मग राउटर कॉम्प्युटरला एक पत्ता देतो, बहुतेक घरांत १९२.१६८ ने सुरू होणारा. हा पत्ता बघायची सवय लावून घ्यावी. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून काही आलेलं नाही, वाट बघून कॉम्प्युटरने आपल्या मनानेच पत्ता घेतलाय. अशा वेळी ते नेटवर्क 'विसरायला' सांगून नव्याने जोडावं, नाहीतर राउटर बंद करून चालू करावा. राउटरची स्मरणशक्ती बेताचीच. कुणाला कोणता पत्ता दिला, कोणतं पाकीट कुणाचं, ही वही भरली की तो भांबावतो, आणि बंद करून चालू केलं की कोऱ्या पानावर सुरुवात करतो. मावशीचे जोडलेले हात वाया जात नाहीत ते या कारणाने.

तिचा पत्ता ठीक होता. मग कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, उघडून राउटरला पिंग केलं, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक मारली. उत्तर आलं. पुढे ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सार्वजनिक यंत्राला. तिथूनही आलं, अर्थात बाहेरून नेट आणणारी फायबरची वायर शाबूत. या हाकेला उत्तर नसतं तर भिंतीवरच्या फायबरच्या डब्याकडे बघितलं असतं. 'एलओएस'चा लाल दिवा लागला की बाहेरून उजेडच येत नाही असं समजायचं आणि नेटवाल्याला फोन लावायचा. गच्चीवर कुणीतरी पत्रे हलवताना वायर मुरडलेली असते. काचेचा तो तंतू तुटायलाच हवा असं नाही, नको तितका वाकला तरी उजेड बाहेर गळतो. शेवटी आकड्यांऐवजी एका संकेतस्थळाचं नाव टाकून हाक मारली. त्यालाही उत्तर आलं, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी डीएनएसची सोयही जागेवर.

सगळं ठीक आणि तरी काही उघडत नाही.

"पान उघडताना नक्की काय दिसतं?" मी विचारलं.

"ते लाल लाल काहीतरी येतं, इंग्रजीत. मी लगेच बंद करते. व्हायरस असला तर?"

लाल पान उघडं ठेवलं आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात बघितलं. १ जानेवारी २०१०.

सुरक्षित संकेतस्थळं आपलं ओळखपत्र दाखवतात, आणि त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असं लिहिलेलं असतं. मावशीच्या कॉम्प्युटरच्या लेखी २०१० चालू होतं. समोर आलेली ओळखपत्रं अजून जन्मालाच यायची होती, मग त्याने बँकेपासून वर्तमानपत्रापर्यंत सगळ्यांना दारातून परत पाठवलं. चोख पहारेकरी, फक्त कॅलेंडर चुकीचं.

तारीख दुरुस्त केली आणि पानं धडाधड उघडली. पण ती चुकली कशाने? कॉम्प्युटर बंद असतानाही त्याच्या मदरबोर्डवरचं घड्याळ चालू असतं. प्लग चालू असेल तर ते विजेवर चालतं, नाहीतर एका चपट्या सेलवर. मावशी रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद करते, बिल वाढतं म्हणून. वर्षानुवर्षं रात्रीचं घड्याळ एकट्या सेलने ओढलं आणि तो संपला. सेलवर लिहिलं होतं सीआर २०३२. हे आकडे म्हणजे त्याचं मापच: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. स्टेशनजवळच्या घड्याळजीकडे लगेच मिळाला.

पट्टी दाबून जुना सेल काढला, नवा बसवला. जुना मी टाकायला निघाले तर मावशीने हात पुढे केला आणि तो शिवणकामाच्या डबीत, बटणांमध्ये टाकला.

"असू दे गं. कशाला तरी लागेल."