अभ्यंगस्नानाची पहाट आणि हवेचं झाकण

नरकचतुर्दशीला पहाटे चारला उठायचं, उटणं लावून अंघोळ, कारीट फोडायचं आणि मग गच्चीवर पहिली लड. आम्हा ठाणेकरांच्या घरोघरी हाच क्रम. पण धुराच्या दृष्टीने दिवसातली याहून वाईट वेळ नाही.

दुपारी जमीन तापते, तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर जाते आणि धूर-धूळही वर नेते. ऑक्टोबरमध्ये पाऊस परतला की आभाळ निरभ्र होतं, त्यामुळे रात्री जमीन भराभर निवते. तिच्यालगतची हवा गार, म्हणून जड होते. वर मात्र उबदार थर राहतो. शाळेच्या भूगोलात शिकलेली ‘तापमानाची विपरीतता’ ती हीच. हा उबदार थर झाकणासारखा बसतो. दुपारी धूर पसरायला किलोमीटरभर उंची असते. पहाटे ती काहीशे मीटरवर येते. लड तेवढीच, धूरही तेवढाच, पण तो कोंडतो. त्यात पश्चिमेला येऊरचे डोंगर, खाडीपलीकडे पारसिकची रांग, आणि रात्री खारे वारे पडलेले.

त्या धुरात असतं काय? सोरा, गंधक आणि कोळशाची राख, शिवाय धातू: पांढऱ्या लखलखाटासाठी ॲल्युमिनियम, तांबड्यासाठी स्ट्रॉन्शियम, हिरव्यासाठी बेरियम. बेरियमच्या क्षारांवर सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्येच बंदी घातली. सर्वांत घातक ते 2.5 मायक्रॉनहून बारीक कण. आपला केसच 50 ते 70 मायक्रॉन जाड असतो! रस्त्यावरची जाड धूळ काही तासांत खाली बसते, हे कण मात्र दिवसचे दिवस तरंगतात आणि फुप्फुसांच्या तळापर्यंत पोचतात.

सगळा दोष फटाक्यांवर ढकलणं मला पटत नाही. चार महिने पावसाने धुतलेली हवा दिवाळीच्या आधीच मळू लागते. घोडबंदर रोडवरचे ट्रेलर, मेट्रोची कामं, टॉवरचे पाये, उघड्या डंपरमधली माती. झाकण या सगळ्यावरच बसतं, फटाके त्यात भर घालतात.

आणि आवाज म्हणजे प्रदूषण हा समजही चुकीचा आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने निरनिराळे फटाके पेटवून धूर मोजला, तेव्हा सर्वाधिक सूक्ष्म कण निघाले ते नागगोळीतून. तिचा आवाज होत नाही म्हणून आपण ती सर्वांत लहान मुलाच्या हाती देतो, आणि ते पोर तो काळा नाग बघायला अगदी तोंड खाली घालून बसतं.