शेअरचं घर सोडल्यानंतर आलेली काउन्सिल टॅक्सची थकबाकी : बेलिफपर्यंत गेलेलं प्रकरण कसं हाताळायचं

शिकायला किंवा नोकरीसाठी इंग्लंडला गेलेली आपली मुलं पहिली एक-दोन वर्षं बहुतेक शेअरच्या घरात काढतात. काउन्सिल टॅक्सचं, म्हणजे स्थानिक काउन्सिलला (तिथल्या नगरपालिकेला) भरायच्या घरावरच्या कराचं, बिल कुणाच्या नावावर आहे, ते भरलं जातं की नाही, हे तेव्हा कुणी पाहत नाही. मग घर सोडून बराच काळ लोटल्यावर जुन्या गावच्या काउन्सिलचं, किंवा थेट बेलिफ (थकबाकी वसूल करणारा अधिकृत एजंट) कंपनीचं पत्र नव्या पत्त्यावर येतं. घाबरून पूर्ण रक्कम भरून टाकणं आणि पत्र कपाटात टाकून देणं, दोन्हींत नुकसानच होतं.

पुढची माहिती फक्त इंग्लंडपुरती आहे. वेल्समध्ये काही नियम वेगळे आहेत, स्कॉटलंडची वसुलीची पद्धतच निराळी आहे आणि उत्तर आयर्लंडमध्ये हा कर नाही.

सगळ्यात आधी तीन प्रश्न वेगळे करा. हा कर मुळात तुमचा होता का, आणि किती दिवसांचा? कोर्टाचा आदेश, म्हणजे लायबिलिटी ऑर्डर, योग्य रीतीने निघाली का? आणि बेलिफ आत्ता कोणत्या टप्प्यावर आहे? प्रत्येक प्रश्नाचं ऑफिस वेगळं आहे. पहिला काउन्सिल आणि व्हॅल्युएशन ट्रायब्युनलकडे (या कराचे वाद ऐकणारं स्वतंत्र न्यायाधिकरण) जातो, दुसरा मॅजिस्ट्रेट कोर्टाकडे, तिसरा काउन्सिल आणि बेलिफ कंपनीकडे. बेलिफला ‘मी तेव्हा विद्यार्थी होतो’ असं कितीही सांगितलं तरी उपयोग नाही. ते ठरवण्याचा अधिकारच त्याला नाही.

कर कुणाचा?

हे भाडेकरारावर ठरतं, म्हणून करार शोधून काढा. सगळ्यांनी मिळून पूर्ण घराचा एकच करार केला असेल आणि सगळे तिथे राहत असतील, तर जबाबदारी संयुक्त असते. म्हणजे काउन्सिल पूर्ण रक्कम कुणाही एकाकडून मागू शकते. ‘माझा चौथा हिस्सा घ्या’ हे काउन्सिलला बांधील नाही. तो हिशेब हाऊसमेट्सनी आपापसात करायचा.

प्रत्येकाचा आपापल्या खोलीपुरता वेगळा करार असेल, तर असं घर साधारणपणे एचएमओ (वेगवेगळ्या भाडेकरूंनी वाटून वापरलेलं घर) धरलं जातं आणि कर घरमालकाला लागतो. घरमालक त्याच घरात राहत असेल आणि तुम्ही त्याच्याकडे एक खोली घेतली असेल, तरीही बिल त्याचंच. इथे तारखेकडे मात्र लक्ष द्या. १ डिसेंबर २०२३ पासून इंग्लंडमध्ये एचएमओला एकच बँड, म्हणजे कराची श्रेणी, लागतो. त्याआधी काही घरांत खोलीखोलीला वेगळा बँड असे आणि बिल त्या खोलीतल्या भाडेकरूच्या नावावर निघे. थकबाकी त्या काळातली असेल, तर ती खरोखर तुमची असू शकते. भाड्यात ‘बिलं धरून’ असं लिहिलं होतं, तर त्या आधारे मालकाकडे पैसे मागता येतात. पण संयुक्त करार असेल, तर काउन्सिलपुढे तो मुद्दा चालत नाही.

विद्यार्थ्यांची गोष्ट वेगळी. वर्षात किमान २४ आठवडे आणि आठवड्याला किमान २१ तासांचा अभ्यासक्रम असेल तर तो पूर्णवेळ धरतात. घरातले सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर घराला कर माफ. एकजण नोकरी करणारा आणि बाकीचे विद्यार्थी असतील, तर जबाबदारी त्या एकट्याची आणि त्याला २५ टक्के सूट. विद्यार्थ्याच्या परदेशी जोडीदाराच्या व्हिसावर सरकारी भत्ते घ्यायला मनाई असेल, तर तो जोडीदारही मोजणीत धरत नाहीत. हे अनेक काउन्सिल आपणहून सांगत नाहीत, अर्जात लिहावं लागतं.

गफलत होते ती मास्टर्स संपताना. माफी अभ्यासक्रमाच्या शेवटच्या तारखेला संपते. व्हिसा अजून चालू असतो, पदवीदान समारंभ व्हायचा असतो, त्याचा इथे काही संबंध नाही. ग्रॅज्युएट व्हिसावर तुम्ही विद्यार्थी राहत नाही.

कर दिवसागणिक मोजतात आणि दिवसअखेर काय स्थिती होती ते पाहतात. समजा वर्षाचं बिल १,८२५ पौंड, म्हणजे दिवसाला ५ पौंड. तुमचा कोर्स १२ सप्टेंबरला संपला, घर २० ऑक्टोबरला सोडलं, बाकीचे विद्यार्थीच होते आणि तिथेच राहिले. तुमचे दिवस १३ सप्टेंबर ते १९ ऑक्टोबर, म्हणजे ३७. त्याचे १८५ पौंड, २५ टक्के सूट जाऊन १३८.७५. घर सोडल्याचं कळवलं नसेल आणि सूटही मागितली नसेल, तर काउन्सिल ३१ मार्चपर्यंतचे २०० दिवस धरून १,००० पौंड मागते. थकबाकीच्या बऱ्याच प्रकरणांत वाद या फरकाचाच असतो.

एक अपवाद लक्षात ठेवा. घर पूर्ण रिकामं झालं, पण सहा महिने किंवा जास्त मुदतीचा करार चालू राहिला, तर करार संपेपर्यंत कर तुमच्याकडेच राहतो. हाऊसमेट मागे राहत असतील तर असं होत नाही.

बिलापासून बेलिफपर्यंत

हप्ता चुकला की रिमाइंडर येतो आणि सात दिवस मिळतात. तरीही भरलं नाही, तर पुढच्या सात दिवसांनी पूर्ण वर्षाची रक्कम एकदम देय होते. मग समन्स, मग मॅजिस्ट्रेट कोर्टात लायबिलिटी ऑर्डर, आणि कोर्टाचा खर्च थकबाकीत मिळवला जातो. कर देय झाल्यापासून सहा वर्षांच्या आत काउन्सिलने ऑर्डरसाठी अर्ज करावा लागतो. एकदा ऑर्डर निघाली की ती सहा वर्षांची मर्यादा राहत नाही. म्हणून भारतात परत गेलात तरी हे देणं आपोआप मिटत नाही. लायबिलिटी ऑर्डर म्हणजे सीसीजे (कर्जाबद्दलचा काउंटी कोर्टाचा निकाल) नव्हे, क्रेडिट रिपोर्टवर ती दिसत नाही.

‘मला समन्स मिळालंच नाही’ एवढ्याने ऑर्डर रद्द होत नाही, हे कटू असलं तरी आधीच माहीत असावं. काउन्सिलला ठाऊक असलेल्या शेवटच्या पत्त्यावर समन्स पाठवलेलं कायद्याला चालतं. पण नवा पत्ता तुम्ही लेखी कळवला होता आणि तरी पत्रं जुन्या घरी गेली, तर तुमची बाजू भक्कम होते. तो ईमेल शोधा. त्या एका ईमेलवर पुष्कळ काही अवलंबून असतं.

पत्र आल्यावर काय करायचं

पहिल्याच दिवशी काउन्सिलला ईमेल करा आणि मागा : अकाउंट नंबर, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचा कर, बिलावरची सगळी नावं, ऑर्डरची तारीख आणि कोर्ट, समन्स कोणत्या पत्त्यावर गेलं, आणि थकबाकी, कोर्ट खर्च व बेलिफ फी यांचे वेगवेगळे आकडे. टाळाटाळ झाली, तर तुमच्या नावावरच्या सगळ्या नोंदींसाठी सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट करा. ती मोफत आहे आणि साधारणपणे महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. त्याच ईमेलमध्ये जबाबदारीवर आक्षेप आहे असं स्पष्ट लिहा आणि निर्णय होईपर्यंत प्रकरण बेलिफकडून थांबवण्याची विनंती करा. बेलिफ कंपनीलाही त्याची प्रत आणि सध्याचा पत्ता पाठवा. फोनवर बोललात तर तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव टिपून ठेवा.

सोबत जोडायची कागदपत्रं : भाडेकरार, घर सोडतानाची नोटीस किंवा चेक-आउट रिपोर्ट, डिपॉझिट परत मिळाल्याचं पत्र, नव्या घराचा करार आणि तिथलं काउन्सिल टॅक्स बिल, बँक स्टेटमेंट. विद्यार्थी असल्यास विद्यापीठाचं पत्र, ज्यावर कोर्स सुरू झाल्याची आणि संपल्याची अशा दोन्ही तारखा हव्यात. नुसतं ओळखपत्र किंवा प्रवेशाचं ऑफर लेटर बहुतेक वेळा परत येतं. हाऊसमेटला दिलेले पैसे तुमची जबाबदारी कमी करत नाहीत, पण त्याच्याकडून वसूल करताना तो पुरावा लागतो.

काउन्सिलला उत्तरासाठी दोन महिने असतात. नकार आला तर त्यापुढच्या दोन महिन्यांत व्हॅल्युएशन ट्रायब्युनलकडे अपील करता येतं. उत्तरच आलं नाही, तर पहिल्या पत्रापासून चार महिन्यांच्या आत. फी नाही, वकील लागत नाही.

ऑर्डरच चुकीची असेल तर आधी काउन्सिललाच ती रद्द करून घ्यायला सांगा. तसा अर्ज कोर्टाकडे करण्याचा अधिकार तिला आहे. ती ऐकत नसेल तर तुम्ही स्वतः मॅजिस्ट्रेट कोर्टात अर्ज करू शकता. कोर्ट तीन गोष्टी पाहतं : जबाबदारीबद्दल खरा वाद आहे का, प्रक्रियेत मोठी चूक झाली का, आणि कळल्याबरोबर तुम्ही अर्ज केलात का. तिसऱ्या अटीवर लोक अडकतात, कारण मधले महिने त्यांनी फोनाफोनीत घालवलेले असतात.

बेलिफ

बेलिफने आधी नोटीस ऑफ एन्फोर्समेंट पाठवून पूर्ण सात दिवस द्यावे लागतात. रविवार आणि बँक हॉलिडे त्यात धरत नाहीत. ही नोटीस तुम्ही राहता त्या ठिकाणी जायला हवी. ती फक्त सोडलेल्या घरी पाठवून पुढची फी लावली असेल, तर त्या फीला लेखी हरकत घ्या.

२०१४ च्या नियमांत फी टप्प्याटप्प्याने ठरली : प्रकरण हाती आल्यावर ७५ पौंड, घरी भेट दिल्यावर २३५ पौंड, माल विक्रीच्या टप्प्याला ११० पौंड. शेवटच्या दोन टप्प्यांत १,५०० पौंडांवरच्या थकबाकीवर ७.५ टक्के जास्त. नोटिशीवरचा आकडा सध्याच्या सरकारी दराशी ताडून पाहा. पहिली भेट होण्याआधी हप्ते ठरवून घेतले तर मोठी फी वाचते, म्हणून ते सात दिवस मोलाचे. बेलिफला टाळून थेट काउन्सिलकडे पैसे भरले तरी लागलेली फी माफ होत नाही.

काउन्सिल टॅक्ससाठी बेलिफ पहिल्या भेटीत जबरदस्तीने घरात शिरू शकत नाही. दार बंद ठेवा आणि दाराआडून किंवा ईमेलवर बोला. सकाळी ६ ते रात्री ९ हीच त्याची वेळ. घरात १६ वर्षांखालची मुलंच असतील तर आत येता येत नाही. एकदा आत घेऊन ‘कंट्रोल्ड गुड्स ॲग्रीमेंट’वर (वस्तू घरातच ठेवून हप्ते भरण्याचा करार) सही केलीत आणि हप्ता चुकवलात, तर पुढच्या वेळी तो जबरदस्तीने शिरू शकतो. त्याचं नाव न्याय मंत्रालयाच्या ऑनलाइन सर्टिफिकेटेड एन्फोर्समेंट एजंट रजिस्टरमध्ये तपासा.

सध्याच्या घरातही हाऊसमेट असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा. दार उघडून बेलिफला आत घेणारे बहुधा तेच असतात. त्यांच्या मालकीच्या वस्तू तुमच्या देण्यासाठी नेता येत नाहीत. पावत्या तयार ठेवाव्यात. कामाची किंवा अभ्यासाची साधनं एकूण १,३५० पौंडांपर्यंत, आणि शेगडी, फ्रिज, वॉशिंग मशीन, पलंग-अंथरूण अशा रोजच्या वस्तू नेता येत नाहीत. रस्त्यावर उभी असलेली तुमची गाडी मात्र पहिल्यांदा जाते. आजारपण, गरोदरपण किंवा इंग्रजी समजण्यात अडचण असेल तर ‘व्हल्नरेबल’ म्हणून लेखी कळवा.

नोकरी असेल तर एक मार्ग लोक विसरतात : पगारातून कपातीची विनंती. महिन्याचं हातात येणारं वेतन १,४२० ते २,०२० पौंडांच्या मध्ये असेल तर १७ टक्के कापतात. १,८०० पौंडांवर ३०६ पौंड. रक्कम थोडकी नाही, शिवाय एचआरला कळतं. पण कपात चालू असेपर्यंत त्या ऑर्डरसाठी बेलिफ लावता येत नाही आणि त्याची नवी फी चढत नाही. देणी अनेक असतील तर कर्जसल्लागारामार्फत ‘ब्रीदिंग स्पेस’ घ्या, ६० दिवस वसुली थांबते. स्टेपचेंज, नॅशनल डेटलाइन आणि सिटिझन्स ॲडव्हाइस मोफत मदत करतात. पैसे घेऊन कर्ज ‘सेटल’ करून देणाऱ्यांकडे जाऊ नका.

व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी भत्ते घेता येणार नाहीत) अशी अट असेल तर एक फरक नीट समजून घ्या. कमी उत्पन्नासाठीचं काउन्सिल टॅक्स रिडक्शन हे पब्लिक फंड आहे, त्यासाठी अर्ज करू नका. एकट्याची २५ टक्के सूट आणि विद्यार्थ्यांची माफी पब्लिक फंडात मोडत नाहीत, त्या निर्धास्त मागा.

बेलिफने नियम मोडले तर तक्रार काउन्सिलकडे करा. त्याच्या वागण्याला ती जबाबदार असते. तिथे समाधान झालं नाही तर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ऑम्बुड्समनकडे जाता येतं, सहसा घटना कळल्यापासून १२ महिन्यांच्या आत.